घटक ४ : न विकलेल्या विजेची किंमत – शहराच्या मालकीची वीजसंस्था आणि ऊर्जा-कार्यक्षमतेतील गुंतवणूक

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला :
• विजेची बचत आणि ऊर्जा-कार्यक्षमता यांतील भेद सांगता येईल.
• शहराच्या मालकीची वीजसंस्था म्हणजे काय, हे ‘बेस्ट’च्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल.
• वीज विकणारी संस्था वीज कमी खपावी म्हणून पैसे का व कसे गुंतवते, याचा हिशेब मांडता येईल.
• या गुंतवणुकीचा लाभ कोणाला होतो व भार कोणावर पडतो, याची चर्चा करता येईल.
• शहाडसारख्या ठिकाणी, जेथे वीजसंस्था शहराच्या मालकीची नाही, तेथे नगरसंस्थेला काय करता येते, हे सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एखादा दुकानदार गिऱ्हाइकाला “माल कमी घ्या, आणि कमी घेता यावा म्हणून हे काही पैसे माझ्याकडूनच घ्या” असे सांगू लागला, तर आपण त्याच्या व्यवहारबुद्धीविषयी शंका घेऊ. विजेच्या धंद्यात मात्र ही गोष्ट घडते, आणि ती व्यवहाराला धरून असते. वीजसंस्था आपल्या ग्राहकांना कमी वीज खाणारे पंखे सवलतीत देते, जुन्या ट्यूबलाइट बदलून देते आणि त्यासाठी स्वतःचा पैसा खर्च करते. हे ती का करते? त्यात तिचा तोटा होत नाही काय? होत असेल, तर तो अखेरीस कोण भरून काढतो? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे हा या घटकाचा विषय आहे.

तुमच्यापैकी काही जण शहाड, आंबिवली, कल्याण, उल्हासनगर या परिसरात राहत असतील. नोकरी आणि घर सांभाळून रात्री अभ्यासाला बसताना डोक्यावरचा पंखा आणि समोरचा दिवा यांची किंमत महिनाअखेरीस बिलाच्या रूपाने तुमच्या हाती येते. त्या बिलावर महावितरणचे नाव असते. मुंबई बेटावर, कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत, राहणाऱ्या तुमच्या नातेवाइकाच्या बिलावर ‘बेस्ट’चे नाव असते. हा फरक केवळ नावाचा नाही, मालकीचा आहे. म्हणून विवेचनाचा आरंभ मालकीपासून करू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ वीजसंस्था कोणाच्या मालकीची?

महाराष्ट्रात वीज वितरणाचे अनेक प्रकार नांदले आहेत. राज्याच्या बहुतांश भागाला वीज पुरवणारी महावितरण ही राज्य शासनाच्या मालकीची कंपनी आहे. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या झाल्या, त्यांतील ही वितरणाची कंपनी. मुंबईच्या उपनगरांत खासगी कंपन्या वीज पुरवतात. शहाडच्या शेजारी, भिवंडीत, २००७ पासून महावितरणने आपले काम वितरण फ्रँचायझी म्हणून एका खासगी कंपनीकडे सोपवले आहे. पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा ही संस्था तर सहकारी तत्त्वावर वीज वितरण करीत होती. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा येथे स्वतःच्या गाड्यांसाठी वीजघर उभारले होते, हे कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या रहिवाशांना आठवत असेल.

या सर्वांहून निराळा प्रकार म्हणजे शहराच्या मालकीची वीजसंस्था. तिचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे बृहन्मुंबई विद्युत पुरवठा आणि परिवहन उपक्रम, अर्थात ‘बेस्ट’. १९०५ मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ म्हणून ही संस्था खासगी भांडवलावर सुरू झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महानगरपालिकेने ती ताब्यात घेतली. मुंबई बेटावरील सुमारे दहा लाख ग्राहकांना ती वीज पुरवते आणि त्याच वेळी मुंबईची बससेवाही चालवते. केरळमधील त्रिशूर महानगरपालिकेचे स्वतःचे वीज खाते आहे; भारतात अशी उदाहरणे थोडीच आहेत.

शहराच्या मालकीचा अर्थ काय? खासगी कंपनीचा नफा भागधारकांकडे जातो. नगरसंस्थेच्या उपक्रमात वेगळा भागधारक नसतो. शहरच मालक असते आणि शहरच ग्राहक असते. त्यामुळे “संस्थेचा तोटा, ग्राहकाचा फायदा” असे सरळ दोन भाग तेथे पडत नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढील हिशेबात तो उपयोगी पडणार आहे.

४.२.२ बचत आणि कार्यक्षमता

खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करणे ही बचत होय. पंखा तितकाच वेळ, तितक्याच वेगाने फिरतो, परंतु त्याला निम्मीच वीज लागते, ही कार्यक्षमता होय. बचतीत सवय बदलते. कार्यक्षमतेत साधन बदलते. बचतीला पैसे लागत नाहीत, पण ती रोज पाळावी लागते. कार्यक्षमतेला आरंभी पैसे लागतात, पण एकदा साधन बसवले की ते वर्षानुवर्षे आपोआप काम करते. आज पैसे घालून पुढील अनेक वर्षे लाभ मिळवणे यालाच आपण गुंतवणूक म्हणतो. म्हणून ऊर्जा-कार्यक्षमतेचा विचार उपदेशाच्या भाषेत न करता भांडवलाच्या भाषेत करता येतो.

भारतात या विचाराला कायद्याचा आधार ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ याने दिला. त्यान्वये २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. फ्रीज, वातानुकूलन यंत्र, पंखा यांवर दिसणारी तारांकित पट्टी ही याच ब्यूरोची देणगी. छताच्या पंख्यांसाठी ही पट्टी २०२३ पासून अनिवार्य झाली आहे.

४.२.३ वीजसंस्था कमी विक्रीसाठी पैसे का घालते?

वितरण करणारी संस्था बहुतेक वीज स्वतः तयार करीत नाही. ती विकत घेते आणि आपल्या तारांमधून घरोघर पोहोचवते. तिच्या खर्चाचे दोन भाग पडतात. पहिला भाग वीज खरेदीचा; तो खपाप्रमाणे वाढतो किंवा घटतो. दुसरा भाग उपकेंद्रे, केबल, रोहित्रे, कर्मचारी आणि कर्जावरील व्याज यांचा. वीज कमी खपली म्हणून तो लगेच कमी होत नाही.

आता ‘शिखर मागणी’ ही संकल्पना पाहू. दिवसाच्या सर्व तासांत विजेची मागणी सारखी नसते. एप्रिल-मेमधील दुपारी वातानुकूलन यंत्रे चालू असतात, संध्याकाळी घरोघर दिवे लागतात; त्या काही तासांत मागणी शिखरावर जाते. त्या वेळी विकत घ्यावी लागणारी वीज बहुधा महाग असते. शिवाय, उपकेंद्राची आणि केबलची क्षमता त्या थोड्या तासांच्या मागणीइतकी ठेवावी लागते. उरलेला वेळ ती क्षमता पडून राहते. शिखर मागणी थोडी खाली आणता आली, तर महाग खरेदी टळते आणि नव्या केबलचा खर्चही लांबणीवर पडतो. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या बेटावर उपकेंद्रासाठी जागा मिळवणे हेच मोठे काम असल्याने या लांबणीला विशेष मोल आहे.

याचा ठाणे जिल्ह्याशी असलेला संबंधही जाणून घ्या. मुंबईत लागणाऱ्या विजेचा मोठा वाटा बाहेरून येतो आणि त्यातील बराचसा पडघे, कळवा, खारघर येथील उपकेंद्रांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांमधून वाहतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी या वाहिन्यांच्या जाळ्यात बिघाड झाला आणि मुंबईसह ठाणे परिसरातील वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. शहराने वापरात आणलेला प्रत्येक कार्यक्षम पंखा या वाहिन्यांवरील भार अल्पांशाने हलका करतो. बिघाड त्यामुळे टळतीलच असे नाही. परंतु भार जितका कमी, तितकी अडचणीच्या वेळी सावरण्यास जागा अधिक.

अमेरिकेतील सॅक्रामेंटो शहराचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. तेथील सार्वजनिक मालकीच्या वीजसंस्थेचे ‘रँचो सेको’ हे अणुवीज केंद्र वारंवार बंद पडत असे. जून १९८९ मध्ये नागरिकांनी मतदान करून ते बंद करण्याचा कौल दिला. शेकडो मेगावॉटची उणीव भरून काढताना संस्थेने इतर ठिकाणांहून वीज घेतलीच. पण त्याचबरोबर ग्राहकांच्या घरांतील कार्यक्षमतेला विजेचा एक स्रोत मानले. जुने फ्रीज बदलणे, घरांचे उष्णतारोधन करणे, एवढेच नव्हे तर उन्हाच्या बाजूला सावली देणारी झाडे लावण्यासाठी ती मोफत देणे, हे सर्व ‘वीज खरेदी’च्याच वृत्तीने केले गेले. न वापरलेले युनिट हे विकत घेतलेल्या युनिटाइतकेच खरे आहे, ही त्यामागील धारणा होय.

४.२.४ महाराष्ट्रातील चौकट

आपल्या राज्यात वीजसंस्थेला ग्राहकांकडून किती पैसे घ्यावेत हे स्वतः ठरवता येत नाही. ते काम महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे आहे. वीजसंस्था आपला अपेक्षित खर्च आयोगापुढे मांडते; आयोग तो तपासतो, जाहीर सुनावणी घेतो आणि मग दर ठरवतो. २०१० मध्ये आयोगाने मागणी व्यवस्थापनासाठी दोन विनियम केले. एकाने अशा योजना आखण्याची व राबवण्याची चौकट घालून दिली. दुसऱ्याने त्या योजना खर्चाच्या मानाने लाभदायक आहेत की नाहीत, हे तपासण्याची रीत सांगितली. या विनियमांमुळे मंजूर योजनेचा खर्च संस्थेला आपल्या एकूण महसुली गरजेत धरता येतो, म्हणजेच तो वीजदरातून वसूल होतो.

या चौकटीत बेस्टने जुन्या ट्यूबलाइटच्या जागी टी-५ प्रकारच्या ट्यूबलाइट आणि जुन्या पंख्यांच्या जागी पंचतारांकित पंखे सवलतीत देण्याच्या योजना आखल्या. देशपातळीवर, जानेवारी २०१५ मध्ये एलईडी दिव्यांच्या वाटपाची मोठी योजना सुरू झाली. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने दिव्यांची घाऊक खरेदी केली. २०१४ च्या आरंभी सुमारे ३१० रुपयांना खरेदी होणारा दिवा २०१६ मध्ये सुमारे ३८ रुपयांना मिळू लागला. एकेका ग्राहकाने दुकानात जाऊन घासाघीस केली असती, तर ही घट झाली नसती. मोठ्या संस्थेची खरेदीशक्ती हे कार्यक्षमतेच्या योजनांचे एक महत्त्वाचे बळ आहे, हे यावरून दिसते.

४.२.५ एका पंख्याचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. पुढील आकडे समजण्याच्या सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. व्याज आणि भाववाढ आपण बाजूला ठेवू.

जुना पंखा ७५ वॉटचा, नवा ३० वॉटचा. पंखा रोज १२ तास, वर्षातून ३०० दिवस चालतो, म्हणजे ३,६०० तास. दर तासाला ४५ वॉट वाचले, तर वर्षाला १६२ युनिट वाचतात. वितरणात १० टक्के गळती धरली, तर ग्राहकाच्या घरी १६२ युनिट पोहोचवण्यासाठी संस्थेला १८० युनिट विकत घ्यावी लागतात. खरेदीचा दर ५ रुपये धरला, तर संस्थेची वर्षाला ९०० रुपयांची खरेदी टळते.

नव्या पंख्याची जादा किंमत १,५०० रुपये. त्यांतील ७०० रुपये संस्था सवलत म्हणून देते, ८०० रुपये ग्राहक भरतो. योजना राबवण्यासाठी संस्थेला पंख्यामागे आणखी ३०० रुपये लागतात. म्हणजे संस्थेचा खर्च १,००० रुपये आणि दोघांचा मिळून १,८०० रुपये. पंखा आठ वर्षे टिकतो असे धरू.

सर्व समाजाच्या दृष्टीने पाहिले, तर आठ वर्षांत ७,२०० रुपयांची वीज खरेदी टळली आणि खर्च १,८०० रुपये झाला. निव्वळ लाभ ५,४०० रुपये. येथपर्यंत कोणाचा वाद होण्याचे कारण नाही. वाद सुरू होतो तो हे ५,४०० रुपये कोणाच्या पदरी पडतात, या प्रश्नापाशी.

उदाहरण पहिले. ग्राहक जास्त वीज वापरणारा आहे आणि वाचलेल्या युनिटाला तो ८ रुपये देत होता. त्याचे वर्षाला १,२९६ रुपये वाचतात. ८०० रुपयांची गुंतवणूक त्याला सुमारे साडेसात महिन्यांत परत मिळते. संस्थेची खरेदी ९०० रुपयांनी टळली, पण उत्पन्न १,२९६ रुपयांनी घटले; म्हणजे दरवर्षी ३९६ रुपयांची तूट. आठ वर्षांची तूट ३,१६८ रुपये आणि आरंभीचा खर्च १,००० रुपये मिळून ४,१६८ रुपये होतात. ही रक्कम हवेत विरत नाही. पुढील दरनिश्चितीत ती सर्व ग्राहकांवर वाटली जाते. पंखा घेणाऱ्याला ९,५६८ रुपये मिळाले आणि इतरांचे ४,१६८ रुपये गेले.

उदाहरण दुसरे. ग्राहक महिना शंभर युनिटच्या आत वीज वापरणारा आहे. या टप्प्याचा दर सवलतीचा असतो. तो आपण ४ रुपये धरू. त्याचे वर्षाला ६४८ रुपये वाचतात. संस्थेची खरेदी ९०० रुपयांनी टळते, उत्पन्न ६४८ रुपयांनीच घटते. म्हणजे दरवर्षी २५२ रुपये उरतात. आठ वर्षांत २,०१६ रुपये. त्यांतून १,००० रुपयांचा खर्च वजा केला, तरी १,०१६ रुपये शिल्लक राहतात आणि त्यांचा लाभ इतर सर्व ग्राहकांना होतो. पंखा घेणाऱ्याचा लाभ ४,३८४ रुपये.

दोन्ही उदाहरणांत बेरीज ५,४०० रुपयेच आहे. पंखा तोच, वाचलेली वीज तीच. बदलले ते एवढेच, की तो पंखा कोणाच्या छताला लागला. सधन घरात लागला, तर त्याचा काही भार शेजारच्या चाळीवर पडला. चाळीतील खोलीत लागला, तर त्याचा काही लाभ सधन घरालाही पोहोचला.

४.२.६ खरी अडचण

मग संस्थांनी अशा योजना प्रथम कमी वापराच्या ग्राहकांकडे न्याव्यात, हा निष्कर्ष सोपा वाटतो. व्यवहारात अनेकदा याच्या उलट घडण्याचा संभव असतो. सवलतीची जाहिरात वाचणारा, अर्ज भरणारा, ८०० रुपये लगेच काढून देऊ शकणारा ग्राहक बहुधा सुस्थितीतला असतो. दुसऱ्या उदाहरणातील ग्राहकाला आपले ८०० रुपये परत मिळण्यास सुमारे पंधरा महिने लागतात. ज्याचा पगार महिनाअखेरीपर्यंत पुरत नाही, त्याला पंधरा महिने ही फार लांबची गोष्ट असते. जो भाड्याच्या खोलीत राहतो, तो घरमालकाच्या पंख्यावर पैसे का घालील? आणि घरमालक, ज्याला बिल भरावे लागत नाही, तो तरी का घालील?

यावर उपाय आहेत. ग्राहकाचा वाटा एकदम न घेता बिलातून महिना पन्नास रुपये अशा हप्त्यांनी घेता येतो. दुसऱ्या उदाहरणातील ग्राहकाची महिन्याची बचत ५४ रुपये आहे. हप्ता त्याहून कमी असल्याने त्याचे बिल पहिल्याच महिन्यापासून घटेल. वरील एलईडी दिव्यांच्या वाटपातही हप्त्यांची सोय अनेक ठिकाणी होती. येथे शहराच्या मालकीला अर्थ येतो. ज्या संस्थेकडे प्रत्येक घराचा मीटर आहे, महिन्याला बिल पाठवण्याची यंत्रणा आहे आणि जिच्या मालकाला, म्हणजे शहराला, सर्व नागरिकांचे हित पाहावयाचे आहे, तिला हे काम दुकानदारापेक्षा अधिक सोयीचे असते.

तथापि शहराची मालकी म्हणजे सर्व प्रश्नांची उकल नव्हे. बेस्टच्या बाबतीत विजेच्या विभागातील शिल्लक दीर्घकाळ बससेवेची तूट भरून काढण्यासाठी वापरली गेली. ही तूट वीजग्राहकांकडून घ्यावी काय, हा वाद नियामक आयोगापुढे आणि न्यायालयातही गेला. ज्या संस्थेची बस विजेच्या उत्पन्नावर धावते, तिला विजेचा खप कमी करणाऱ्या योजना मनापासून राबवणे जड जाते. येथे दोन सार्वजनिक हिते एकमेकांसमोर उभी राहतात : स्वस्त बस आणि कमी वीज. दोन्ही बाजूंना सामान्य नागरिकच आहे.

आणखी दोन खबरदाऱ्या सांगितल्या पाहिजेत. पहिली, जो ग्राहक सवलत नसतानाही नवा पंखा घेणारच होता, त्याला दिलेली सवलत वाया जाते. योजनेचे यश मोजताना असे ग्राहक वगळावे लागतात. दुसरी, बिल कमी आले म्हणून पंखा अधिक वेळ चालवला गेला, तर अपेक्षेपेक्षा बचत कमी होते. उन्हाळ्यात घामाघूम होणाऱ्या कुटुंबाने पंखा दोन तास जास्त चालवला, तर त्याला आपण अपव्यय म्हणणार नाही. पण हिशेबात ती गोष्ट धरावी लागते. म्हणून वाटलेल्या पंख्यांची संख्या म्हणजे वाचलेली वीज नव्हे. जुने पंखे खरोखर काढले गेले काय आणि मीटरवर फरक दिसला काय, हे तपासणे आवश्यक असते.

४.२.७ शहाडचे उदाहरण : नगरसंस्था ग्राहक असते तेव्हा

शहाडला वीज महावितरणकडून मिळते. येथील महानगरपालिका वीज विकत नाही. मग या घटकातील विचार येथे निरुपयोगी ठरतो काय? तसे नाही. नगरसंस्था वीज विकत नसली, तरी ती मोठ्या प्रमाणावर वीज वापरते. रस्त्यावरील दिवे, सांडपाण्याची केंद्रे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्याचे पंप.

शहाड येथे उल्हास नदीतून पाणी उचलून ते भिवंडीजवळच्या टेमघर येथे शुद्धीकरणासाठी नेले जाते. ही योजना चालवणारी ‘स्टेम’ ही कंपनी ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या महानगरपालिका व ठाणे जिल्हा परिषद यांच्या मालकीची आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकाही उल्हास नदीवरूनच मोहिली व बारावे येथील केंद्रांसाठी पाणी घेते. म्हणजे शहराच्या मालकीची सेवासंस्था शहाडलाही आहे. ती विजेची नसून पाण्याची आहे, आणि पाणी उचलण्यासाठी वीज लागते.

हा हिशेबही करून पाहा. दहा लाख लिटर पाणी ५० मीटर उंचीवर चढवण्यासाठी, कोणतीही नासाडी न होता, सुमारे १३६ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ६० टक्के असेल, तर प्रत्यक्षात २२७ युनिट लागतात. ती ७५ टक्के असेल, तर १८२ युनिट पुरतात. फरक ४५ युनिटांचा. रोज १० कोटी लिटर पाणी उचलणाऱ्या केंद्रात हा फरक दिवसाला सुमारे ४,५०० युनिटांचा होतो. ८ रुपये दराने तो दिवसाला सुमारे ३६,००० रुपये आणि वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख रुपये भरतो. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, कोणत्याही विशिष्ट केंद्राचे नाहीत. परंतु झिजलेला पंप बदलणे ही खरेदी नसून गुंतवणूक कशी ठरते, हे त्यांवरून कळावे.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. महानगरपालिका स्वतः ग्राहक असल्यामुळे ४.२.५ मधील उत्पन्नघटीचा पेच तिला पडत नाही. वाचलेला सर्व पैसा तिच्याच तिजोरीत राहतो. तरीही असे पंप वर्षानुवर्षे बदलले जात नाहीत, याचे कारण अंदाजपत्रकाच्या रचनेत सापडते. विजेचे बिल महसुली खर्चातून आपोआप भरले जाते. नवा पंप भांडवली खर्चात येतो आणि त्यासाठी प्रस्ताव, मंजुरी, निविदा हा प्रवास करावा लागतो. बिल भरणे सोपे आणि बिल कमी करणे कठीण, अशी ही व्यवस्था असते. पथदिव्यांच्या बाबतीत यावर एक तोडगा वापरला गेला : बाहेरची संस्था स्वतःच्या पैशाने एलईडी दिवे बसवते आणि नगरसंस्था होणाऱ्या बचतीतून तिला काही वर्षे हप्ते देते.

पाण्याच्या गळतीचाही येथे विचार करावा लागतो. शहाडहून उचललेले, शुद्ध केलेले, टाकीत चढवलेले पाणी वाटेत फुटलेल्या नळातून वाहून गेले, तर त्याबरोबर ते चढवण्यासाठी खर्च झालेली वीजही वाहून जाते. ज्या वस्तीत दिवसाआड पाणी येते, तेथील गृहिणीच्या दृष्टीने गळती थांबवणे हा पाण्याचा प्रश्न आहे. नगरसंस्थेच्या लेखापालाच्या दृष्टीने तो विजेचाही प्रश्न आहे. दोघांचे हित एकच आहे.

४.३ सारांश

वीजसंस्थेने विजेचा खप घटवण्यासाठी पैसे घालणे हे वरवर विसंगत वाटते. परंतु वाचवलेले युनिट विकत घेतलेल्या युनिटापेक्षा स्वस्त पडत असेल, तर ती शहाणपणाची गुंतवणूक असते. महाराष्ट्रात २०१० च्या विनियमांनी या गुंतवणुकीला चौकट दिली असून तिचा खर्च वीजदरातून वसूल होतो. एकूण लाभ किती, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. तो कोणाला मिळतो, हा प्रश्न कठीण आहे. सवलतीच्या दरात वीज घेणाऱ्या घरांत कार्यक्षम साधने पोहोचली, तर लाभ सर्वांना होतो. पण तेथे ती पोहोचवण्यासाठी हप्त्यांची आणि पाठपुराव्याची सोय लागते. शहराची मालकी ही सोय सुलभ करते, मात्र शहराची इतर निकड, उदाहरणार्थ बससेवेची तूट, तिच्या आड येऊ शकते. शहाडसारख्या ठिकाणी नगरसंस्था ग्राहकाच्या भूमिकेतून, विशेषतः पाणीपुरवठ्यात, हेच तत्त्व अमलात आणू शकते.

ज्या खर्चाचा भार तुमच्या बिलातून जातो, त्याविषयी बोलण्याचा अधिकारही तुम्हांला आहे. दरनिश्चितीच्या वेळी नियामक आयोग नागरिकांकडून सूचना व हरकती मागवतो. पुण्यातील ‘प्रयास’सारख्या संस्थांनी या सुनावण्यांत अभ्यासपूर्वक भाग घेतला आहे. तेथे बोलण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. आपले बिल वाचता यावे लागते.

४.४ पारिभाषिक शब्द

ऊर्जा-कार्यक्षमता : तेच काम कमी ऊर्जेत होणे.
शिखर मागणी : दिवसातील किंवा वर्षातील विजेची सर्वाधिक मागणी.
मागणी व्यवस्थापन : ग्राहकाच्या वापराचे प्रमाण वा वेळ बदलण्यासाठी वीजसंस्थेने योजलेले उपाय.
महसुली गरज : वीजसंस्थेला वर्षभरात दरांतून मिळणे आवश्यक असलेली एकूण रक्कम.
परतफेडीचा काळ : गुंतवलेली रक्कम बचतीतून भरून निघण्यास लागणारा काळ.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. विजेची बचत आणि ऊर्जा-कार्यक्षमता यांतील भेद तुमच्या घरातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. वीज कमी खपली, तरी वीजसंस्थेचा सर्व खर्च कमी का होत नाही?
३. ४.२.५ मधील हिशेबात वाचलेल्या युनिटाचा दर ५ रुपये धरून पुन्हा आकडे काढा. या दराला इतर ग्राहकांवर भार पडतो की त्यांना लाभ होतो? (पडताळा : ग्राहकाची वार्षिक बचत ८१० रुपये, संस्थेकडे वर्षाला ९० रुपये शिल्लक. आठ वर्षांत ७२० रुपये; ते १,००० रुपयांच्या खर्चाला पुरत नाहीत.)
४. ‘शहराच्या मालकीची वीजसंस्था ऊर्जा-कार्यक्षमतेसाठी अधिक अनुकूल असते.’ या विधानाच्या दोन्ही बाजू मांडा.

४.६ क्षेत्रीय कार्य

मागील बारा महिन्यांची आपली वीजबिले जमवा. कोणत्या महिन्यात युनिट सर्वाधिक आहेत आणि दराचा कोणता टप्पा लागू झाला आहे, ते पाहा. घरातील प्रत्येक पंखा व दिवा किती वॉटचा आहे आणि रोज किती तास चालतो, याची नोंद आठवडाभर ठेवा. कोणते एक साधन प्रथम बदलावे, त्याला किती खर्च येईल आणि तो किती महिन्यांत भरून निघेल, याचे एक पानी टिपण तयार करून ते संपर्कसत्रात सादर करा. घर भाड्याचे असेल, तर तो खर्च कोणी करावा, याविषयीचे तुमचे मतही कारणांसह लिहा.